पुढच्या वर्षीची सहल

गणपतीच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो आला आणि हे सगळं सुरू झालं. फोटो १९९६ च्या डिसेंबरातला, विजापूरच्या गोल घुमटासमोरचा. पुढे मांडी घालून बसलेली मुलं, मागे दोन रांगांत उभे असलेले बाकीचे, कडेला सर. रंग उडून सगळं तांबूस झालेलं. जीएसने जुन्या अल्बममधून तो मोबाइलवर काढून टाकला होता. जीएस म्हणजे आमच्या वेळचा कॉलेजचा जनरल सेक्रेटरी. आज पन्नाशीला टेकलाय, बार्शी रोडला त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, पण आमच्यासाठी तो जीएसच.

अर्ध्या तासात साठ-सत्तर मेसेज. हा बघ किती बारीक होता, ही स्वेटरवाली कोण, याचे केस बघा. मग कुणीतरी मागच्या रांगेतल्या डावीकडून चौथ्या मुलीभोवती लाल गोल काढला आणि मला विचारलं, "ही तूच ना?"

ती मी नव्हते. त्या सहलीला मी गेलेच नव्हते. पण तेव्हा ते लिहायला हात उचलला नाही. मी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

आम्ही एस. वाय. बी. ए. ला होतो, विषय इतिहास. सोलापूरला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते २००४ ला झालं. आमच्या मार्कलिस्टवर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असंच आहे. इतिहासाच्या सरांनी चार दिवसांची सहल काढली होती: विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, हंपी. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी, माणशी ४५० रुपये. बाबा एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करायचे, आई मागासाठी कांड्यांवर सूत भरायची. आईने साडेचारशे जमवलेही. मी ते सरांकडे भरले, पावती घेतली, मैत्रिणीची बॅग मागून आणली. आणि सहलीला आठ दिवस राहिले असताना सुताचे भाव चढले म्हणून मालकाने कारखाना बंद ठेवला. किती दिवस, ते कुणी सांगेना. शनिवारचा पगार आला नाही. पुढच्या शनिवारीही आला नाही. आई काही म्हणाली नाही, पण घरात काय शिजत होतं ते मला दिसत होतं. मी सरांकडून पैसे परत आणले आणि तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जा गं." मैत्रिणींना मी ताप आल्याचं सांगितलं. ते चार दिवस मी आईशेजारी बसून कांड्या भरल्या.

सहलीहून आल्यावर सरांनी मला बोलावलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात सहलीचा वृत्तांत द्यायचा होता आणि तो मी लिहावा असं ते म्हणाले. मी म्हटलं, मी तर नव्हते. ते म्हणाले, "सगळ्यांना विचार. विचारून लिहितो तोच इतिहास." मग मी पंधरा दिवस एकेकाला गाठून विचारत बसले. कॅन्टीनमध्ये, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, सिद्धेश्वर तळ्याच्या कट्ट्यावर. गोल घुमटाच्या गॅलरीत कोण कुणाला काय म्हणालं, बदामीला माकडाने काय पळवलं, हंपीत डोंगीत बसून नदी ओलांडताना कोण घाबरलं. सगळा वृत्तांत मी "आम्ही" असं लिहिला. अंक छापून आला, खाली माझं नाव. अठ्ठावीस वर्षांत तो "आम्ही" सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का बसला की मी त्या फोटोत आहे यात कुणाला शंका उरली नाही.

पुढच्या वर्षी सहल अजिंठा-वेरूळला गेली. तेव्हा कारखाना सुरू होता, मी गेले. कैलास लेणं पाहिलं. त्याबद्दल पुढे सांगते, कारण त्याचा संबंध आहे.

फोटोनंतर आठवड्याभरात जीएसने जाहीर केलं की तीच सहल त्याच मार्गाने पुन्हा काढायची, आणि हिशेब माझ्याकडे. मी ऑडिटच्या ऑफिसात काम करते, म्हणून माझ्याकडे. हो म्हणायला मला एक रात्र लागली.

पहिलं काम माणसं शोधायचं. सहलीला गेलेले ४२ जण होते. त्यातले एकवीस ग्रुपवर होते, बाकीच्यांचे नंबर काढायला दोन महिने गेले. मुलांचे नंबर लवकर मिळतात. मुलींचं आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, माहेर विकलेलं. अक्कलकोटच्या मैत्रिणीने यात फार मदत केली. ती प्रत्येकीच्या माहेरच्या गल्लीत एक किराणा दुकान शोधायची आणि तिथे फोन करायची. दुकानदाराला सगळं माहीत असतं. अशाने आम्ही ३४ जणांपर्यंत पोहोचलो. तिघे आता नाहीत, हे तेव्हा कळलं. पाच जण काही केल्या सापडले नाहीत. फोटोतली ती डावीकडून चौथी मुलगी त्या पाचांपैकी एक. मोहोळकडून एसटीने यायची, मागच्या बाकावर बसायची, एवढंच मला आठवतं.

मग सरांकडे गेलो. सर जुळे सोलापूर भागात राहतात, आता ८१ वर्षांचे आहेत, ऐकायला जरा कमी येतं. सहलीला येणं त्यांना शक्य नव्हतं, पण त्यांनी आतल्या खोलीतून एक लांबट वही आणली. १९९६ च्या सहलीची. पानावर नावं, पुढे रक्कम, पावती नंबर, सही. माझं नाव अठराव्या ओळीत. रक्कम खोडलेली, शेजारी "परत" आणि पुढे कंसात "पुढच्या वर्षी". म्हणजे मी काय सांगितलं होतं आणि खरं काय होतं, हे दोन्ही सरांना तेव्हाच कळलं होतं. मी वही मिटली. सर चहात बिस्किट बुडवत होते, ते काही बोलले नाहीत.

निघताना म्हणाले, "क्रम लक्षात आहे ना?" होता. सहलीच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्गात फळ्यावर रेघ काढून सांगितलं होतं: बदामीचे चालुक्य सहाव्या-आठव्या शतकातले, हंपीचं विजयनगर चौदाव्या-सोळाव्या, गोल घुमट सतराव्या. सोलापूरहून जाताना सगळ्यात नवीन ते पहिलं लागतं. "रस्ता उलटा आहे, तुम्ही डोक्यात सुलटा करून घ्या." हे मी ऐकलं होतं. वर्गात होते तोवर मीही सहलीतच होते.

आता पैशांचं. हा भाग नीट लिहिते, कारण अशी सहल काढणाऱ्या प्रत्येकाने यावर विचार करावा असं मला मनापासून वाटतं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वर्गमित्र एकत्र येतात तेव्हा कुणी बंगल्यात राहत असतो, कुणी भाड्याच्या दोन खोल्यांत. ग्रुपवर मात्र सगळे सारखे दिसतात. पहिल्याच चर्चेत कुणीतरी हंपीजवळच्या रिसॉर्टची लिंक टाकली, एका रात्रीचे आठ हजार. लगेच दोन-तीन जणांचे मेसेज बंद झाले. ते बंद का झाले हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी मी जीएसच्या दुकानात गेले आणि तीन गोष्टी ठरवून आले. राहायचं ते साध्या, स्वच्छ लॉजमध्ये, एका खोलीत तिघे. पैसे प्रत्येकाने थेट माझ्याकडे पाठवायचे, कुणाचे आले आणि कुणाचे राहिले याची यादी ग्रुपवर कधीही टाकायची नाही. आणि ज्यांना जमतं त्यांच्याकडून गुपचूप थोडे जास्त घ्यायचे, म्हणजे कुणाचे कमी आले तर विचारावं लागणार नाही. जीएसने तिथल्या तिथे गल्ल्यातून पैसे काढून दिले आणि म्हणाला, "माझ्या नावावर लिहू नकोस."

गाडी १७ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. किलोमीटरमागे २६ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, गाडी कमी पळाली तरी तेवढे द्यावेच लागतात. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. टोल आणि कर्नाटकचं परमिट भाड्यात आहे की वेगळं, हे लिहूनच घ्यावं, नाहीतर निघायच्या दिवशी वाद होतो. आमचा वाद त्याआधीच झाला. ज्याच्याकडे पहिल्यांदा गाडी ठरवली, त्याने बयाणा घेऊन बारा दिवस आधी फोन केला की लग्नाची तारीख आहे, तिकडे जास्त मिळतात, तुमची गाडी देता येत नाही. बयाणा परत मिळवायला पाच फेऱ्या झाल्या. दुसरी गाडी मिळाली ती ओळखीने, हैदराबाद रोडच्या एका ड्रायव्हर-मालकाची. कानडी, तेलुगू, मराठी, हिंदी चारही येणारा. सोलापूरचा माणूस असल्यावर हे वेगळं सांगायला नको.

शेवटी १६ जण नक्की झालो, नऊ बायका आणि सात पुरुष. सतराव्या सीटवर पाण्याचे जार. माणशी ६,८०० रुपये बसले. घरून निघणं हे बायकांसाठी वेगळंच काम असतं. एकीची सासू अंथरुणाला, एकीच्या मुलाची परीक्षा, एकीच्या नवऱ्याचा प्रश्न की "सहलीत पुरुष पण आहेत का?" तिच्या घरी आम्ही चौघी जाऊन चहा पिऊन आलो. मग ती आली.

डिसेंबरातल्या एका पहाटे पाच वाजता सोलापूरच्या सात रस्ता चौकात जमलो. थंडी होती. प्रत्येकाच्या हातात डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटी, दह्याचं भांडं. चार दिवसांच्या कडक भाकरी दोन मोठ्या डब्यांत भरून मागच्या सीटखाली ठेवल्या. शहराला प्यायचं पाणी उचलतात त्या टाकळीला भीमा ओलांडली तेव्हा उजाडत होतं. पुलाच्या पलीकडे पाट्या कानडी. पूर्वी इथपर्यंत यायलाच एसटीला वेळ लागायचा, आता चौपदरी रस्ता आहे, शंभर किलोमीटर दोन तासांच्या आत संपतात. विजापूरचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपूर आहे, पण आमच्या विजापूर रोडला सोलापुरात कुणी दुसरं नाव देणार नाही.

गोल घुमट लांबूनच दिसतो. मोहम्मद आदिलशहाची कबर. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते, तोच हा. १६५६ साली गेला. घुमटाचा बाहेरचा व्यास साधारण ४४ मीटर आणि आत एकही खांब नाही, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर सगळा भार तोललेला. हे मी लिहिलं होतं, १९९७ च्या अंकात, दुसऱ्याच्या वहीवरून. खाली उभं राहून मान वर केली तेव्हा कळलं की हे आकड्यांनी कळत नाही. त्या पोकळीला वजन आहे. कबुतराने पंख झटकले तरी आवाज खाली येतो.

कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने सात मजले चढलो. पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये, मध्ये खिडक्या आहेत तिथे थांबावं. वर घुमटाच्या आतून गोल फिरणारी गॅलरी आहे, तिथे एका बाजूची कुजबुज पलीकडे ऐकू येते म्हणतात. पण गॅलरीत तीन शाळांच्या सहली एकाच वेळी. टाळ्या, शिट्ट्या, किंचाळ्या, आणि प्रत्येक आवाज परत परत येणारा. कुजबुज ऐकू येणं शक्यच नव्हतं. भिंतीला कान लावून मी पाचेक मिनिटं उभी राहिले आणि खाली आले. तुम्ही जाणार असाल तर उघडायच्या वेळेला पहिल्यांदा वर जा, बाकी सगळं नंतर बघा.

खाली जीएसने फोटो बाहेर काढला. मोठा करून, लॅमिनेट करून आणला होता. तोच फोटो त्याच जागी पुन्हा काढायचा, ज्याने त्याने आपल्या जागी उभं राहायचं. तो एकेकाला हाताला धरून उभं करत होता. "तू खाली बस. तू सरांच्या शेजारी होतास, सरांची जागा मोकळी सोड." मग माझ्याकडे आला. "तू मागं, डावीकडून चौथी."

मी म्हटलं, "ती मी नाही. मी आले नव्हते."

"आलतीस की!"

"नव्हते आले."

"काय बोलतीस? बदामीला माकडानं तुझी ओढणी ओढली नाही का? आम्ही सगळे हसलो नाही का?"

"ती ओढणी हिची," मी अक्कलकोटच्या मैत्रिणीकडे हात केला. "मी फक्त लिहिलं."

ती म्हणाली, "हो की. पिवळी होती. माझीच." आणि मग तिच्या लक्षात यायला लागलं. एकेकाच्या लक्षात यायला लागलं. तू गाडीत कुठं बसली होतीस, खोलीत कुणाबरोबर होतीस, कुणालाच सांगता येईना. मी ताप नव्हता हेही सांगितलं. कारखान्याचं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, जास्त लागलं नाही. आमच्यातल्या निम्म्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या मागावर होते.

कुणी काही समजूत घातली नाही, हे मला फार बरं वाटलं. जीएस फोटो हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "चौथीची जागा मोकळी राहू दे. ती सापडली की उभी राहील. तू कुठं उभी राहतीस ते तू ठरव." अक्कलकोटच्या मैत्रिणीने मला दंडाला धरून आपल्याकडे ओढलं. फोटो निघाला.

इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, दुपारी पाहिला, घाईत. त्याला अर्धा दिवस द्यायला हवा होता, दगडातली नक्षी गोल घुमटापेक्षा मला इथली जास्त आवडली. संध्याकाळी बदामी.

बदामीबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं आणि सगळ्यात कमी मला माहीत होतं. तांबडा डोंगर, त्यात चार लेणी, खाली अगस्त्य तीर्थाचं हिरवं पाणी, पलीकडच्या काठावर भूतनाथाचं देऊळ. वातापी राक्षस अगस्तींनी पचवला तो इथला म्हणतात, गावाचं जुनं नाव वातापीच. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे. तिसऱ्यात चालुक्य मंगलेशाचा लेख आहे, इ. स. ५७८ चा. ऊन थेट दगडावर येतं तेव्हा तो दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. हे मला १९९६ ला कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं, दगड कसा आहे? तर म्हणाले होते, लाल. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या. धोपटण्याचा आवाज समोरच्या कड्याला लागून परत यायचा. विजापूरला गोंगाटात हरवलेला प्रतिध्वनी मला इथे मिळाला. माकडं आजही आहेत आणि आजही पिशवी धरूनच चालावं लागतं.

त्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळेही झालं, दोन्ही बदामीपासून जवळ आहेत. पट्टदकलला मलप्रभेच्या काठी विरूपाक्षाचं देऊळ आहे. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला, त्याची आठवण म्हणून राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात बांधवलेलं. त्या अंगणात पाय ठेवला आणि मी थांबले. हे मी पाहिलेलं होतं. तीच शिखराची चढण, तसाच पुढचा नंदीचा मंडप, भिंतीवर कैलास हलवणारा रावण. वेरूळचं कैलास लेणं कोरणाऱ्यांसमोर हे देऊळ होतं असं अभ्यासक मानतात, आणि याच्यासमोर कांचीचं कैलासनाथ. म्हणजे १९९७ ला मी लेक पाहून आले होते आणि आई आज पाहत होते. सरांनी वर्गात हे शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं, पाच मार्कांना. पण दोन देवळं दोन डोळ्यांत धरून एकमेकांवर ठेवून पाहणं वेगळं. मी बराच वेळ एका खांबाला टेकून बसले. बाकीचे उसाचा रस प्यायला गेले होते.

ऐहोळेला मेगुती टेकडीवर चढायला अर्धेच आले. वरच्या जैन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीची प्रशस्ती कोरलेली आहे, इ. स. ६३४ ची, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाची. भाषा संस्कृत, लिपी जुनी कानडी. यातच "तीन महाराष्ट्रक" आणि त्यांची ९९,००० गावं येतात. महाराष्ट्र हे आपलं नाव इथे, आज कर्नाटकात असलेल्या एका टेकडीवर, कानडी लिपीत कोरलेलं आहे, हे सरांचं आवडतं वाक्य. सोलापूरच्या वर्गात त्या वाक्याला वेगळाच अर्थ यायचा, कारण तिथे प्रत्येक बाकावर मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारं कुणीतरी असायचंच.

मी वरून सरांना व्हिडिओ कॉल लावला. रेंज येत-जात होती. मी मोबाइल भिंतीजवळ नेला. सर चष्मा काढून, पुन्हा लावून बघत होते. "जरा डावीकडे घे," म्हणाले. "आणखी. हां, थांब." मग काही न बोलता ते बघत राहिले. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. शेवटच्या भागात रविकीर्ती स्वतःची कालिदास आणि भारवीशी बरोबरी करतो, ते त्यांनी फोनवरूनच सांगितलं, अगदी वर्गातल्यासारखं, बोट वर करून. खाली उतरताना अंधारायला लागलं होतं. गाडीत अमीनगडचं करदंट वाटलं गेलं, डिंक आणि गुळाचं. रात्री लॉजच्या गच्चीवर आमच्या भाकरी आणि तिथल्या बाईंनी दिलेली एण्णेगाई वांगी. आपल्या शेंगाचटणीला त्या शेंगा हिंडी म्हणाल्या. चव एकच.

हंपीला तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. हंपीबद्दल फार लिहीत नाही, ती एका दिवसात बघायची जागा नाही आणि आम्ही एकाच दिवसात बघितली. पण विठ्ठल मंदिराचं सांगायला हवं. दारापासून मंदिरापर्यंत आता बॅटरीची गाडी नेते. दगडी रथ पन्नासच्या नव्या नोटेवर आहे, तोच. १९९६ ला आमच्या वर्गातली मुलं त्या रथाच्या चाकाला टेकून बसली होती, खांबांवर बोटांनी ताल धरला होता. आता दोन्हीला हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. गाभारा रिकामा. पंढरपूरचा विठोबा इथे आणला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, असं वारकरी परंपरा मानते. आमच्यातला एक जण दरवर्षी वारी करतो, माळकरी आहे. तो त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "देव आपल्याकडं हाय की," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

१५६५ ला तालिकोटच्या लढाईनंतर हे शहर उद्ध्वस्त झालं, आणि विजयनगरला हरवणाऱ्यांत विजापूरचा तेव्हाचा आदिलशहाही होता. पहिल्या दिवशी ज्यांचं वैभव पाहिलं, तिसऱ्या दिवशी त्यांचाही हात लागून पडलेलं वैभव. सर म्हणायचे ते उलट्या रस्त्याचं इथे येऊन नीट कळतं.

परतीला चौथ्या दिवशी कुष्टगीवरून आलो, वाटेत इलकल. म्हणजे आपलं इरकल. बायकांनी गाडी थांबवायला लावली. मला आईसाठी साडी घ्यायची होती. इथल्या साडीचं अंग सुती आणि पदर रेशमी घेता येतो, आणि दोघांचे उभे धागे वेगवेगळे असतात, ते मागावरच फासे अडकवून जोडतात. दुकानदाराने साडी उलगडली तेव्हा मी पहिल्यांदा तो जोड उलटा करून बघितला. तो हसला, म्हणाला, तुम्ही मागवाले दिसता. हिरवं अंग, तांबडा पदर, त्यावर पांढऱ्या टोपांची नक्षी. घेतली.

रात्री साडेदहाला घरी पोहोचले. आई आता ७६ वर्षांची आहे, डोळ्याने कमी दिसतं, पण जागी होती. मी साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने किंमत विचारली नाही. साडी उलटी केली आणि बोटांनी पदराचा जोड चाचपला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सावकाश. मग विचारलं, "माणशी किती घेतले सहलीचे?"

"सहा हजार आठशे."

ती जोडावर बोट फिरवत राहिली.

"तेव्हा साडेचारशे होते," म्हणाली.